टेसरॅक्ट: गायक बदलत गेले, बँड तोच राहिला

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचा गायक सोडून गेला. अर्ध्या बँडचं म्हणणं, आता सगळी गाणी नव्याने करावी लागतील. टेसरॅक्ट या ब्रिटिश बँडने इतके गायक बदलूनही कारकीर्द कशी टिकवली? आणि त्यांना ऐकायला सुरुवात कुठून करायची?"

प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे ताल आणि रचना मुद्दाम गुंतागुंतीची ठेवणारं हेवी मेटल. मी पुण्यात हेवी बँड रेकॉर्ड आणि मिक्स करतो, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र बसवतो, आणि स्वतः सात तारांची गिटार वाजवतो. गायक गेला की बँड बसला, हे जॅमरूममध्ये नेहमी बघायला मिळतं. टेसरॅक्टचं तसं झालं नाही, आणि त्यात नशिबाचा भाग कमी होता. त्यांच्या संगीताची बांधणीच अशी आहे की गायक ज्या जमिनीवर उभा राहतो, ती जमीन बाकीच्या चौघांच्या ताब्यात असते. म्हणून उत्तर गायकांपासून सुरू न करता त्या चौघांपासून करतो.

मिल्टन कीन्स हे इंग्लंडमधलं, १९६७ नंतर आखून वसवलेलं शहर. तिथला गिटारिस्ट ॲकल काहनी २००३ च्या सुमारास फेलसायलेंट नावाच्या बँडमध्ये होता आणि बाजूला स्वतःच्या कल्पना एकट्याने रेकॉर्ड करत होता. तेच टेसरॅक्टचं बीज. पुढच्या दोन-तीन वर्षांत ड्रमर जे पोस्टोन्स, दुसरा गिटारिस्ट जेम्स मॉन्टीथ आणि बासवर एमॉस विल्यम्स आले, आणि हे चौघे आजतागायत तेच आहेत. फेलसायलेंटमधला दुसरा गिटारिस्ट जॉन ब्राउन याने पुढे मॉन्युमेंट्स हा बँड काढला. म्हणजे एका छोट्या बँडमधून ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह मेटलची दोन महत्त्वाची घराणी निघाली म्हणा ना.

त्या काळाची हवा लक्षात घ्यायला हवी. स्वीडनच्या मेशुगा या मेटल बँडने लयीचं जे काही करून ठेवलं होतं, त्याने जगभरची पोरं झपाटली होती. इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या सिक्थ या बँडने २००३ मध्ये पहिला अल्बम काढून ब्रिटनमध्येही गुंतागुंतीचं मेटल वाजवता येतं हे दाखवलं होतं. त्यात घरच्या कॉम्प्युटरवर बऱ्यापैकी रेकॉर्डिंग करणं परवडायला लागलं. ड्रम प्रोग्रॅम करायचे, गिटार थेट इंटरफेसमध्ये लावायची, रात्रीत डेमो करायचा आणि सकाळी इंटरनेटवर टाकायचा. अमेरिकेत पेरिफेरी या बँडचा मिशा मन्सूर हेच करत होता. या सगळ्या मंडळींवर पुढे 'जेंट' (जाड तार दाबून छेडल्यावर येणाऱ्या आवाजावरून पडलेलं नाव) असा शिक्का बसला. टेसरॅक्टचं नाव आलं की तो शिक्का अजूनही पुढे येतो. मला स्वतःला तो त्यांच्या बाबतीत फार तोकडा वाटतो.

या घरगुती पद्धतीचा परिणाम असा झाला की गाण्याचा सांगाडा आधी तयार व्हायचा आणि गायक त्यावर नंतर यायचा. पहिला गायक ज्युलियन पेरिए, मग अबिसोला ओबासान्या, आणि २००९ मध्ये डॅनियल टॉम्पकिन्स. टॉम्पकिन्सच्या हाती पडलं तेव्हा बरंचसं संगीत उभं होतं.

आता थोडं खोलात जाऊ, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

समजण्यापुरतं एक उदाहरण घेतो. हे त्यांच्या कुठल्या गाण्यातलं नाही. चार मात्रांचा साधा बार (आवर्तन) घ्या. प्रत्येक मात्रेचे ४ भाग केले की एका बारमध्ये १६ भाग होतात, दोन बारमध्ये ३२. आता ७ भागांचा एक रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) बनवा आणि तो लागोपाठ ४ वेळा वाजवा. २८ झाले. उरलेल्या ४ भागांत एक छोटा तुकडा टाकला की ३२ भरले आणि सगळे एकदम समेवर आले. यात जाड तारेवरची गिटार, बास आणि ड्रमरच्या पायातला किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), हे तिघे सातांच्या हिशेबात चालतात. ड्रमरचा हात मात्र झांजेवर शांतपणे चारच्या मात्रा मोजत असतो, आणि स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) बारच्या मध्यावर, तिसऱ्या मात्रेवर, ठामपणे पडत राहतो. एकाच माणसाच्या हाताला एक हिशेब, पायाला दुसरा.

ज्याने तबला थोडाफार ऐकलाय त्याला यात नवल वाटणार नाही. समेपासून निघून वेगळ्या गटांत जायचं आणि बरोब्बर समेवर यायचं, हा आपल्याकडचा जुनाच आनंद आहे. फरक असा की आपला तबलजी तो हिशेब श्रोत्यांसमोर उलगडतो आणि समेवर दाद घेतो. टेसरॅक्टवाले हिशेब झाकून ठेवतात. वरवर ऐकलं तर मान चारातच हलते, काहीतरी विचित्र चाललंय एवढंच जाणवतं.

हे झाकण्याचं काम दोन गोष्टी करतात. एक म्हणजे वरच्या पट्टीतली स्वच्छ गिटार: भरपूर डिले (प्रतिध्वनी), लांबलचक रिव्हर्ब (मोठ्या सभागृहासारखा घुमारा), हळूहळू पसरणारे सूर. दुसरी म्हणजे गायक. आणि इथे नीट कान द्या. टेसरॅक्टचा गायक बहुतेक वेळा किकच्या मागे धावत नाही. तो झांजेबरोबर, चारच्या संथ चालीवर, लांब सूर धरून गातो. खाली सातांची तोडमोड चालू असते आणि वर तो जणू भावगीत म्हणत असतो. त्यामुळे त्याच्याजागी दुसरा गायक आला तरी त्याला रिफ पाठ करत बसावं लागत नाही. त्याला संथ चाल आणि वरच्या गिटारने बांधलेली सुरावट पकडावी लागते. चाल बदलली, शब्द बदलले, आवाजाची जात बदलली तरी खालचं यंत्र तसंच चालू राहतं.

तुमच्या बँडमध्ये गायक प्रत्येक रिफला अक्षराला अक्षर चिकटून गात असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. मग तुमचे सहकारी म्हणतात ते बरोबर आहे. त्या गाण्यांत नवा माणूस बसवणं अवघड जाणार.

दुसरं बलस्थान मिक्समध्ये आहे. काहनी स्वतः निर्माता आणि मिक्स इंजिनियर आहे. बाहेरच्या बँडचीही कामं करतो. मिक्स करताना अशा संगीतात जीव कशात असतो सांगू? दोन फटक्यांमधल्या शांततेत. जाड तार छेडली की ती घुमत राहते. ते घुमणं नॉइज गेटने (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं उपकरण) आणि उजव्या हाताच्या तळव्याने इतकं नेमकं कापायचं की फटका संपला म्हणजे संपला. ती मोकळी जागा राहिली की किक आणि बास एकमेकांवर न चढता ऐकू येतात. विल्यम्सचा बास इथे गिटारखाली दबलेला नसतो. तो बोटांनी, अंगठ्याने ठोकून, कधी जवळजवळ फंकच्या अंगाने वाजवतो, आणि मिक्समध्ये त्याला स्वतःची जागा दिलेली असते. आपल्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ बँडना गिटार अजून मोठी हवी असते आणि बास कुठे गेला हे कोणी विचारतही नाही. असो.

कारकीर्दीकडे येतो.

२०१० मध्ये सेंच्युरी मीडिया या लेबलकडून, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडून, 'कन्सीलिंग फेट' हा ईपी (अल्बमपेक्षा छोटं प्रकाशन) आला. सहा भागांची एकच सलग रचना, साधारण २७ मिनिटांची. नव्या बँडने पहिल्याच अधिकृत कामात असला हट्ट करणं म्हणजे धाडसच. पण ज्यांनी डेमो ऐकून वर्षानुवर्षं वाट पाहिली होती, त्यांना हेच हवं होतं. २०११ मध्ये पहिला पूर्ण अल्बम 'वन' आला आणि त्यात हे सहाही भाग जसेच्या तसे मधोमध बसवलेले होते. टॉम्पकिन्स यात गातोही आणि गळा फाडून ओरडतोही. अल्बम येऊन काही महिने होत नाहीत तोच, त्याच वर्षी, तो बाहेर पडला.

लेबल नवीन, अल्बम नवीन, जगभर फिरायची वेळ आणि समोरचा माणूस गेलेला. कोणत्याही मॅनेजरला घाम फुटावा अशी अवस्था. बँडने अमेरिकन गायक एलियट कोलमनला घेतलं. त्याच्याबरोबर २०१२ मध्ये 'पर्स्पेक्टिव्ह' हा छोटा ईपी काढला, ज्यात आधीची गाणी अकूस्टिक अंगाने मांडली होती. मला हा ईपी फार हुशारीचा वाटतो. नव्या गायकाला जुन्या गायकाच्या उंचीवर नेऊन तोलण्यापेक्षा त्यांनी गाण्यांचं वजनच काढून घेतलं, म्हणजे तुलनाच होऊ नये. शिवाय गाणी मेटलचे कपडे उतरवल्यावरही उभी राहतात, हेही दिसलं. कोलमन मात्र त्याच वर्षी गेला.

मग आला ॲश ओहारा, आणि त्याच्याबरोबर २०१३ चा 'ऑल्टर्ड स्टेट'. यात ओरडणं अजिबात नाही. एकही किंकाळी नाही. मेटल ऐकणाऱ्या कित्येकांनी नाक मुरडलं होतं. मी मात्र ठामपणे म्हणतो की रचना म्हणून हा त्यांचा सर्वांत पक्का अल्बम आहे. चार खंड: पदार्थ, मन, वास्तव आणि ऊर्जा. एका खंडातून दुसऱ्यात जाताना जोड दिसत नाही. ओहाराचा आवाज उंच, पातळ, धारदार. त्याच्या आवाजाचे अनेक थर एकमेकांवर रचून कोरस बांधलेले आहेत. अल्बमच्या उत्तरार्धात पेरिफेरीचा माजी गायक क्रिस बॅरेटो सॅक्सोफोन वाजवतो, आणि तो पाहुण्यासारखा वाटत नाही, त्या वातावरणातूनच उगवल्यासारखा येतो. याच अल्बमची गायनाशिवायची आवृत्तीही निघाली. ती आवर्जून ऐका. गायक काढून टाकल्यावरही संगीत पोकळ वाटत नाही, हे तिथे कानाला कळतं.

२०१४ च्या मध्यावर ओहाराही गेला आणि टॉम्पकिन्स परत आला.

मधल्या काळात तो काय करत होता याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो, आणि मराठी वाचकांना तो माहीत असायलाच हवा. दिल्लीच्या केशव धरने घरच्या घरी सुरू केलेला स्कायहार्बर हा प्रकल्प. २०१२ मध्ये त्यांचा पहिला, दोन डिस्कचा अल्बम आला. एका डिस्कवर टॉम्पकिन्स गायला आणि दुसऱ्या डिस्कवर सुनीत रेवणकर, म्हणजे आपल्या मुंबईच्या 'भयानक मौत' या मेटल बँडचा तेव्हाचा गायक. एकाच गिटारिस्टच्या डोक्यातून निघालेलं संगीत, एका बाजूला टॉम्पकिन्सचा लांब, सुरेल गळा आणि दुसऱ्या बाजूला रेवणकरची गुरगुर. पाहुणा म्हणून मेगाडेथ या अमेरिकन मेटल बँडचा माजी गिटारिस्ट मार्टी फ्रीडमनही होता. २०१४ मध्ये स्कायहार्बरचा दुसरा अल्बम 'गायडिंग लाइट्स' आला, तोही टॉम्पकिन्सच्या आवाजात; नंतर तिथून तो बाहेर पडला. केशव धरबरोबरचं त्याचं नातं मात्र 'व्हाइट मॉथ ब्लॅक बटरफ्लाय' या वेगळ्या, बऱ्याच मऊ वळणाच्या प्रकल्पातून चालू राहिलं. तेव्हा ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे आपल्याशी संबंध नसलेली गोष्ट, असं कोणी म्हणालं तर स्कायहार्बरचा तो पहिला अल्बम त्यांच्या हातात द्या.

परत आलेला टॉम्पकिन्स वेगळा होता. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या 'स्काला' सभागृहात झालेला कार्यक्रम पुढच्या वर्षी लाइव्ह अल्बम म्हणून आला, त्यात तो ओहाराची गाणी गातो. तुमच्या प्रश्नासाठी याहून चांगला धडा मला तरी ठाऊक नाही. 'ऑल्टर्ड स्टेट'मधलं 'नॉक्टर्न' आधी स्टुडिओ अल्बमवर ओहाराच्या आवाजात ऐका, लगेच स्कालाच्या ध्वनिमुद्रणात टॉम्पकिन्सच्या. चाल तीच, ठेका तोच. ओहाराकडे ती ओळ काचेसारखी तकाकते. टॉम्पकिन्स तीच ओळ छातीतून उचलतो, थोडी जड करतो, आणि गाणं एकदम रागावल्यासारखं वाटतं. खालची चौघांची वीण दोन्हीकडे तशीच. टॉम्पकिन्सने ओहाराची नक्कल केली नाही, आणि बँडनेही त्याच्यासाठी गाणं मोडून नव्याने बांधलं नाही.

२०१५ च्या 'पोलारिस'पासून लेबल बदललं. केस्कोप हे मुळात प्रोग्रेसिव्ह रॉककडे झुकलेलं ब्रिटिश लेबल, स्टीव्हन विल्सन या प्रोग्रेसिव्ह रॉक संगीतकाराचं काम तिथे निघत होतं. तिथे गेल्यावर त्यांना मेटलच्या बाहेरचा श्रोता मिळाला. 'पोलारिस' त्यांचा सर्वांत सरळ, गाण्याच्या घाटाचा अल्बम. काहींना तो सपाट वाटतो. मला त्यातला संयम आवडतो, पण पुन्हा पुन्हा लावावासा वाटत नाही हेही खरं. २०१७ मध्ये अमेरिकेत ते मेगाडेथ आणि मेशुगाबरोबर फिरले. मेशुगाच्या आधी त्याच मंचावर वाजवायचं, म्हणजे गुरूसमोर परीक्षाच.

२०१८ चा 'सोंडर' ३७ मिनिटांच्या आतबाहेरचा. तीन वर्षं थांबवून इतकंच, अशी तक्रार तेव्हा खूप झाली. पण जे आहे ते घट्ट आहे, आणि किंकाळ्या परत आल्या. हेडफोनवर ऐकण्यासाठी याचं बायनॉरल मिक्सही काढलं होतं. ध्वनी कामातल्या माणसांनी दोन्ही मिक्स शेजारी ठेवून ऐकावेत. २०२० च्या डिसेंबरमध्ये जग बंद असताना त्यांनी 'पोर्टल्स' हा पूर्ण लांबीचा कार्यक्रम ऑनलाइन केला, तो पुढच्या वर्षी अल्बम आणि चित्रीकरण म्हणून आला. तो नुसता कॅमेऱ्यासमोरचा सराव नव्हता. प्रकाश, पडदे, ध्वनी, सगळं बेतलेलं.

आणि मग २०२३ चा 'वॉर ऑफ बीइंग'. एक तासाहून जरा मोठा, एका कथेभोवती विणलेला, शीर्षकगीतच ११ मिनिटांचं. त्याच्या जगावर त्यांनी व्हिडिओ गेमही केला. टॉम्पकिन्सने यात जे काही गळ्याचं केलंय, ते 'वन'मधल्या पोराला जमलं नसतं. कुजबुज, खालची गुरगुर, किंकाळी, वरचा नितळ सूर, आणि एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना श्वासाचा सांधा ऐकू येत नाही. तो गायन शिकवतो हे इथे समजतं. पण नीट ऐकलं तर खाली काय आहे? तोच पोस्टोन्सचा शांत हात, तोच सातांचा-अकरांचा हिशेब, तेच कापून काढलेले फटके.

गणित मांडलं तर २०११ ते २०२३ या काळात स्टुडिओ अल्बम पाचच. ही मंडळी घाई करत नाहीत, आणि करू शकतही नाहीत. या प्रकारच्या संगीतावर पाच जणांची घरं आरामात चालत नाहीत. काहनी इतरांची मिक्स करतो, टॉम्पकिन्स शिकवतो आणि स्वतःचे अल्बम काढतो. बँडबाहेरचं पोटापाण्याचं काम हे त्यांच्या बाबतीत बँडचा शत्रू ठरलं नाही. उलट निर्मितीसाठी बाहेर पैसे मोजावे लागत नाहीत म्हणून गायक नसलेलं वर्षही बँड काढू शकतो. स्टुडिओचं भाडं डोक्यावर असताना गायक गेला असता तर कदाचित वेगळं चित्र दिसलं असतं.

आता तुमच्याबद्दल. गाणी फेकू नका. आधी सगळ्या गाण्यांची गायनाशिवायची मिक्स काढा आणि ऐका. जे गाणं गायकाशिवाय पाच मिनिटं कान धरून ठेवतं, ते ठेवा. जिथे गायक गेल्यावर नुसता रिफ उघडा पडतो, तिथे वरच्या पट्टीत काहीतरी लिहा: एक गिटार, एक कीबोर्ड, काहीही, पण संथ. नव्या माणसाची चाचणी घेताना जुन्या गायकाचे ट्रॅक त्याला ऐकवूच नका. नुसतं संगीत द्या, आठवडाभर वेळ द्या आणि स्वतःची चाल बांधून आणायला सांगा. जुन्या चालीच्या जवळपासही नसलेलं काही त्याने आणलं आणि ते बसलं, तर माणूस सापडला. आणि पहिला कार्यक्रम लगेच लावू नका; दोन-तीन गाणी अकूस्टिक करून आधी लोकांच्या कानावर घाला.

ऐकायची सुरुवात 'ऑल्टर्ड स्टेट'पासून करा, सलग, मध्ये न थांबता. पहिल्या वेळी पायाने किक मोजायच्या भानगडीत पडू नका. झांज धरा, बाकीचं आपोआप उलगडत जातं. मग 'कन्सीलिंग फेट'चे सहा भाग. नंतर स्कालाचा लाइव्ह अल्बम, वर सांगितलं तसं ताडून. 'वॉर ऑफ बीइंग' शेवटी, आणि तो लावाल तेव्हा फोनच्या स्पीकरवर लावू नका. बासच गेला तर अर्धा अल्बम गेला. तुमच्या ड्रमरला मात्र थेट पोस्टोन्सचे चित्रीकरणाचे तुकडे दाखवा आणि फक्त त्याच्या उजव्या हाताकडे बघायला सांगा.